आजीचा आवाज वाढवताना

मिरज,
चैत्र वद्य पंचमी

चि. मुक्ता हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू आजीच्या कॅसेटमधले सहा तुकडे घरच्या ग्रुपवर टाकलेस त्याला आज आठ दिवस झाले. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली, नागपूरच्या वहिनींनी तर रडणारे पाच चेहरे टाकले. मी काहीच टाकलं नाही. मग रात्री तू फोन करून विचारलंस, 'आत्या, तुला आवडलं नाही का गं?' मी 'आवडलं की' म्हणाले आणि विषय कैरीच्या डाळीवर नेला. तुझ्या ते लक्षात आलं असणार. लहानपणी तुझ्यापासून लाडवाचा डबा लपवता आला नाही, तिथे हे काय लपणार! फोनवर बोलले असते तर तक्रार वाटली असती, आणि डब्लिनला तुमचे दिवस तसेच धावपळीचे. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच, चहा घेऊन वाच.

इकडे सगळं ठीक. ऊन मी म्हणतंय. दादाची साखर आटोक्यात आहे, पण आंबे अजून यायचेत, तेव्हा ते वाक्य महिनाभरापुरतंच धर. चैत्रगौर मांडली आहे, शुक्रवारी हळदीकुंकू. समोर सतारमेकर गल्लीतून सतारींचे भोपळे तासण्याचा आवाज सकाळपासून सुरू होतो आणि दुपारी जेवणाच्या वेळेला थांबतो, तेव्हाच मला कळतं की एक वाजला.

आता मूळ गोष्ट. तुझा चौथा तुकडा, सातव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचा, आई ओव्या म्हणते तो. मी तो तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा दचकले. आई इतक्या मोठ्यानं कधीच म्हणत नव्हती. ती कॅसेट भरली तेव्हा मी तिथे होते, म्हणून सांगू शकते. दादानं नवा रेडिओ-कॅसेटचा टू-इन-वन घेतला होता आणि आईच्या ओव्या भरून ठेवायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं. आदल्या संध्याकाळी आई अंगणात बसून त्याला हळद घालून केलेल्या लोणच्याची कृती सांगत होती, मध्येच दूधवाल्याला हाक मारत होती. अर्धी बाजू त्यात गेली. उरलेली अर्धी पहाटेची. आबांना रात्रभर दम्यानं झोप नव्हती, पहाटे कुठे डोळा लागला होता. मधल्या दाराआड ते झोपलेले. आईनं जातं फिरवलंच नाही. खुंट्यावर नुसता हात ठेवला आणि पुटपुटल्यासारख्या ओव्या म्हटल्या. दादा म्हणाला, 'आई, थोडं मोठ्यानं.' तिनं डोळे वटारले. कॅसेटवर डोळे दिसत नाहीत, पण ती जी क्षणभर थांबते ना, ते तेच.

तुझ्या तुकड्यात ती हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे म्हणतेय असं वाटतं. तिच्यामागे पाऊस पडल्यासारखी खरखर आहे, आणि आबांचा खोकला भिंतीवर डोकं आपटल्यासारखा येतो. मुक्ते, ज्या माणसाची झोप मोडू नये म्हणून ती इतकी हळू म्हणत होती, त्याचाच खोकला आता सगळ्यात पुढे आलाय.

रागावू नकोस हं. तू काय केलंस ते मी ओळखलं, कारण मीही ते पुष्कळदा केलंय. तू त्या बाजूचे तुकडे केलेस आणि प्रत्येक तुकड्याला वेगवेगळं नॉर्मलाइझ लावलंस, म्हणजे प्रत्येकाची पातळी एकाच आकड्यावर आणलीस, आणि आकडा धरलास उणे चौदा, छताच्या शून्यापासून तेवढे डेसिबल खाली. संध्याकाळचं लोणचं आधीच चांगलं मोठं होतं. तू पाठवलेल्या मूळ फाइलवर मी मोजलं, ते उणे चोवीस भरतं. त्याला दहा डेसिबल वाढ मिळाली. पहाट भरते उणे अडतीस. तिला मिळाली चोवीस. आता बघ, सहा डेसिबल वाढवले की लाटेची उंची दुप्पट होते. चोवीस म्हणजे चार वेळा दुप्पट, सोळापट. आईचा आवाज सोळापट झाला, तसा टेपचा सूं आवाजही सोळापट, घड्याळाची टिकटिक सोळापट, दादाच्या गुडघ्याची कटकट सोळापट. या वाढीला, गेनला, आई आणि घड्याळ यातला फरक कळत नाही. आणि खोकला सोळापट झाला असता तर वरच्या छताला भिडला असता, म्हणून टोकं दाबणाऱ्या लिमिटरनं त्याचं डोकं दाबलं. त्यामुळे तो तसा ठोकळ्यासारखा येतो.

मूळ कॅसेटवर संध्याकाळ आणि पहाट यांत चौदा डेसिबलचं अंतर आहे. साधारण दहा वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, म्हणजे हे अंतर चांगलं ठळक. ते तुझ्या हातून शून्य झालं. पत्राच्या शेवटापर्यंत मी पुन्हापुन्हा याच गोष्टीकडे येणार आहे, कंटाळू नकोस: आजी हळू होती तिथे हळू राहू दे.

गंमत म्हणजे कॅसेटवर आलेला आवाजही पूर्ण खरा नाही. त्या टू-इन-वनला लेव्हलची कळच नव्हती. आत एक ऑटो लेव्हल असायची. मोठा आवाज आला की ती भरणं कमी करायची, शांत झालं की हळूहळू वाढवत न्यायची. म्हणून आबा खोकले की आईचे पुढचे दोनतीन शब्द दबके येतात, मग आवाज सावकाश वर येतो. आणि ती थांबली की खोलीच फुगत येते, लांबचा कावळा जवळ येतो. यंत्र दम टाकतंय असं वाटतं. म्हणजे एकदा यंत्रानं तिला सपाट करायचा प्रयत्न केलेलाच आहे. त्याची ताकद संपली तिथे आई हळूच राहिली. तेवढं वाचलंय. ते आपण तरी घालवायला नको.

तुला माझ्या चुकीची गोष्ट कधी सांगितली नाही. मी रेकॉर्डिंगच्या कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. कुठे, ते जाऊ दे. एक म्हातारे शाहीर आले, बरोबर डफ, तुणतुणं आणि झिलकरी. तालमीत त्यांनी बसूनच, आवाज राखून म्हटलं. मी त्यावर लेव्हल लावली, मीटरची सुई कशी छान शून्याच्या आसपास खेळत होती. लाल दिवा लागल्यावर ते उभे राहिले. उभं राहून पोवाडा म्हणणाऱ्या माणसाचा आवाज आणि बसलेल्याचा आवाज ही दोन वेगळी माणसं असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सुई लालमध्ये जाऊन पार टोकाला टेकली. फेडर, म्हणजे आवाजाची सरकती कळ, खाली घ्यायचा तर मध्येच आवाज पडलेला कळेल, म्हणून घाबरून मी बोटच हलवलं नाही. सगळा पोवाडा फाटला. टेप तशी क्षमाशील असते, थोडं जास्त झालं तर ती आवाज नुसता गोल करते, पण इतकं नाही. निर्माते म्हणाले, 'झकास, काय जोर आहे!' आणि टेप मंजूर झाली. कुणीच मला बोललं नाही. शाहीर परत कधी आले नाहीत. त्यांच्या आवाजाची तेवढीच एक टेप, आणि जिथे ते सगळ्यात उंच जातात तिथे कापड फाटल्यासारखा आवाज. फाटलेला आवाज नंतर कमी करता येतो, पण कमी केलेला फाटका आवाज फाटकाच राहतो.

आणि सुईचं एक सांगते. ती जुनी सुई मुद्दामच आळशी केलेली असते, ३०० मिलिसेकंद घेते जागेवर पोचायला. बोलण्याचा सरासरी जोर तिला चांगला कळतो, पण डफाची थाप ती बघेपर्यंत होऊन गेलेली असते. म्हणून आम्ही सुईच्या वर जागा सोडून काम करायचो. तुझ्या कॉम्प्युटरमध्ये सुई चपळ आहे, पण छत पक्कं आहे. शून्य म्हणजे शून्य. त्याच्या वरची लाट सरळ कापली जाते. तेव्हा कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना सगळ्यात मोठा आवाज उणे दहाच्या आसपास राहील असं बघ. 'मग आवाज लहान येईल' असं तुला वाटेल. येऊ दे. चोवीस बिटमध्ये घे, ४८ किलोहर्ट्झवर तरी, जमलं तर ९६. सोळा बिटमध्ये हिशेबानं ९६ डेसिबलची खोली मिळते, चोवीसमध्ये १४४. आपल्या त्या कॅसेटची सगळी मिळकत पन्नासएक डेसिबल. एवढ्या मोठ्या वाड्यात आपलं सामान कुठेही ठेवलं तरी मावतं, ते आढ्याला टेकवायची काय गरज?

त्याआधी दोन कामं. तू तिथे जुना डेक घेतलास म्हणालीस, त्यावर डॉल्बीचं, टेपची खरखर कमी करायचं, बटण असेल. ते बंद ठेव. दादाच्या टू-इन-वनला डॉल्बी नव्हती. डॉल्बीनं न भरलेली टेप डॉल्बी लावून वाजवली की वरच्या सुरांतला आवाज जातो, आणि तोही हळू भागात जास्त जातो, मोठ्यात कमी. म्हणजे पुन्हा मार आईच्या पहाटेलाच. मला शंका आहे की तुझ्या चौथ्या तुकड्यात 'स' आणि 'श' बोथट येतात ते त्यामुळेच. दुसरं, टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूचा तो बारीक स्क्रू. ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड किंचित तिरकं असेल तर तुझ्या सरळ हेडवर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. कॅसेट वाजवत ठेवून स्क्रू अगदी केसभर फिरव, जिथे बांगड्यांचा आवाज सगळ्यात स्वच्छ येईल तिथे थांब. प्रत्येक कॅसेटला वेगळं लागेल. नंतर ट्रेबल वाढवून हे मिळत नाही, वाढते ती खरखर.

मग ती घेतलेली फाइल, जशी आली तशी, वेव्हमध्ये ठेव आणि तिला कुलूप लाव. तिच्यावर आवाज वाढवायचा नाही, साफ करायची नाही, सुरुवातीची खटखट कापायची नाही. एक तुझ्याकडे, एक बाबाकडे, एक माझ्याकडे. जे काय प्रयोग करायचे ते तिच्या नकलेवर. कारण तुला आज जे बरं वाटतंय ते दहा वर्षांनी वाटणार नाही, आणि मला जे आज बरं वाटतंय ते तर तुला आत्ताच वाटत नसेल! मूळ असलं की भांडता येतं. शाहिरांच्या बाबतीत मला भांडायलाही काही उरलं नाही.

आता वाढवायचं कसं. 'नॉर्मलाइझ' या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात, आणि लोक बहुतेक करून पहिलंच धरतात. पहिलं काम: सगळ्यात उंच टोक शोधायचं आणि ते छताच्या जवळ नेईपर्यंत सगळं वर उचलायचं. त्यात वाईट काही नाही, सगळ्यांना सारखीच वाढ मिळते. पण टोक कशाचं आहे ते बघ. तिसऱ्या कॅसेटमध्ये पितळी तांब्या पडतो, आठवतं? तो तांब्या छताला लागला की यंत्र म्हणतं झालं, आणि आई आणि काकू आपल्या खाली कुजबुजत राहतात. एका तांब्यासाठी सगळं घर बसून राहायचं. तिथे तेवढाच एक आवाज हातानं खाली घे, मग बाकीचं उचल.

दुसरं काम म्हणजे कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं. हे शास्त्र जुनं आहे. खोल आवाज आणि तीव्र आवाज कानाला सारखे ऐकू येत नाहीत हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये वक्र काढून दाखवलं होतं. पण ते रोजच्या मीटरमध्ये यायला फार वेळ गेला. तुला आठवत असेल, टीव्हीवर मालिका चालू असायची आणि जाहिरात लागली की आबा ओरडायचे, 'अरे बारीक करा तो!' त्या जाहिरातीचं टोक मालिकेच्या टोकापेक्षा उंच नसायचंच. नियम पाळलेला असायचा. पण मालिकेत एखादाच दरवाजा आपटायचा, आणि जाहिरात पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या दरवाजाच्या उंचीवर ओरडायची. जिनिव्हाच्या दूरसंचार संघानं २००६ मध्ये मोजण्याची पद्धत ठरवली, युरोपच्या प्रसारणवाल्यांनी २०१० मध्ये उणे तेवीस हा आकडा धरला, आणि अमेरिकेत तर त्याच वर्षी जाहिराती कार्यक्रमापेक्षा मोठ्या नकोत असा कायदाच झाला. आबा तोवर गेले होते. नाहीतर पेढे वाटले असते.

तुझा उणे चौदा आला गाण्यांच्या ॲपवरून. स्पॉटिफाय, यूट्यूब तिथेच असतात. बोलण्याच्या कार्यक्रमांना ॲपल उणे सोळा सांगतं. आपली कॅसेट मोनो, एकाच वाटेची. मोनो फाइल दोन्ही स्पीकरवर वाजली की तीन डेसिबलनं मोठी होते, म्हणून मोनोला उणे एकोणीस म्हणजे स्टिरिओच्या उणे सोळाइतकंच. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये 'मोनोला दुहेरी समजा' अशा अर्थाची एक खूण असते, ती लावलीस की नाही त्यावर तुझा आकडा तीननं हलतो. वर टोकाला एक डेसिबल जागा ठेव, कारण एमपीथ्री करून परत उलगडताना लाटा किंचित उसळतात.

पण कानाला किती मोठं वाटतं ते मोजणाऱ्या या मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस, आणि यासाठीच मी एवढं मोठं पत्र लिहायला बसले. हे मीटर शांतता मोजत नाही. बरोबरच आहे, नाहीतर दोन वाक्यांमधल्या रिकाम्या जागेमुळे सरासरी पडेल. आधी सगळ्याचा अंदाज घेतं, आणि त्याच्या दहा खाली जे असेल ते 'हे काही बोलणं नव्हे' म्हणून बाजूला टाकतं. आता आपली सातवी कॅसेट, दुसरी बाजू. अर्धी संध्याकाळ उणे चोवीसवर, अर्धी पहाट उणे अडतीसवर. सगळ्याचा अंदाज येतो उणे सत्तावीस, त्याच्या दहा खाली उणे सदतीस. आईची पहाट त्याच्याही खाली! मीटरच्या लेखी ओव्या झाल्याच नाहीत. त्यानं लोणचंच मोजलं. मी हे मोजलं तेव्हा बराच वेळ नुसती बसून राहिले. घरातही तिचं असंच होतं, ती हळू बोलायची म्हणून पुष्कळांना वाटायचं ती काही म्हणतच नाही.

म्हणून तुकडे करण्याआधी आख्खी बाजू एक धर. संध्याकाळ उणे एकोणीसवर येईल एवढी, म्हणजे पाच डेसिबल वाढ, सबंध बाजूला एकच दे. मग ऐक. पहाट उणे तेहतीसवर येईल, शांत खोलीत नीट ऐकू येईल, बसमध्ये येणार नाही. बसमध्ये ऐकायचं ते नाहीच. तरी अगदीच कमी वाटली तर आणखी सहा दे, पण हातानं. जिथे संध्याकाळ संपून बटणाचा खटका येतो तिथे एकदम नाही, खटक्यानंतरच्या शांततेत दहाएक सेकंदांत सावकाश वर ने. ऑडॅसिटीत एन्व्हलपचं हत्यार आहे, ते म्हणजे आमचा फेडरच. चौदाचं अंतर आठवर आलं. चालेल. ऐकणाऱ्याला कळेल की वेळ बदलली, जागा बदलली, कुणीतरी झोपलंय. हे झाल्यावर मग कात्री घे आणि हवे तेवढे तुकडे कर.

खोकल्याचं काय, विचारशील. मी तो फक्त एक-दोन डेसिबल खाली घेईन. आबा आहेत ते.

नागपूरचे अण्णा मात्र वेगळे. त्यांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी फोनच्या बारीक स्पीकरवर ऐकायचंय, यंत्र कानात घालायला ते तयार नाहीत. त्यांच्यासाठी खुशाल वेगळी नक्कल कर, कॉम्प्रेसर लाव, सगळं एका पातळीवर आण, उणे चौदा का बारा करेनास. त्यांना शब्द कळले पाहिजेत. फाइलच्या नावात 'अण्णांसाठी' लिही, म्हणजे वीस वर्षांनी कुणी तीच मूळ समजणार नाही.

आणि खरखर घालवायचं ते जादूचं बटण आवाज वाढवण्याआधी वापर, नंतर नाही, आणि वापरशील तेव्हा तिखट घातल्यासारखं चिमटीनं. ती खरखर सगळी काढायला गेलीस की आईचा आवाज पाण्याखालून, डब्यातून आल्यासारखा होतो. थोडी सूं राहिली तर कान दोन मिनिटांत तिला विसरतो. डब्यातला आवाज मात्र विसरत नाही.

काल समोरचा पोरगा तंबोऱ्याची जवारी लावत होता. त्याला विचारलं, इतकं हळू का छेडतोस रे, तुझ्या बापासारखं जोरात छेड की. म्हणाला, 'जोरात सगळेच तंबोरे बरे वाजतात, काकू.' मला हसू आलं. तूही वाढवण्याआधीचं आणि नंतरचं ताडून बघतेस तेव्हा दोन्ही सारख्या आवाजात ठेवून बघ. नुसतं मोठं झालेलं कुणालाही सुधारलेलं वाटतं. मी तीस वर्षं या धंद्यात काढून अजून फसते.

आता एक घरगुती. तुझा बाबा सांगत होता, तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेडफोन घालून बसतेस. दिवसा नोकरी, रात्री हे. बाळा, हळू आवाज ऐकणाऱ्याची बोटं आपोआप आवाज वाढवत जातात. थकलेल्या कानाला कमी ऐकू येतं, म्हणून आपण वाढवतो, म्हणून तो आणखी थकतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे की ८० डेसिबलवर आठवड्याला चाळीस तास, त्याहून जास्त वेळ नको, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा. माझ्या उजव्या कानात सतरा वर्षांपासून शिट्टी आहे. दिवसा कळत नाही. रात्री सगळं शांत झालं की ती असते. मी कुणाला सांगत नाही, तुला सांगतेय. काम सुरू करताना आवाजाची कळ एकदा लाव, तिथे चिकटपट्टीचा तुकडा लाव आणि त्या दिवसापुरती हलवू नकोस. तासाभरानं उठ, खिडकी उघड. आईच्या ओव्या कुठे पळून जात नाहीत, छत्तीस वर्षं फडताळात होत्या.

आणि वरचे सूर, बारीक किणकिण, मला आता ऐकू येत नाहीत. म्हणून बांगड्यांचं मी तुझ्यावर सोपवलं. ते तूच ठरव.

पुढच्या महिन्यात श्रीकांत तिकडे येतोय, त्याच्याबरोबर उरलेल्या कॅसेट देते. पोस्टानं पाठवायचा धीर होत नाही. त्याच्याच हाती मेतकूट, भाजणी आणि सांडगे. कैरीचं लोणचं घेऊन जायला तो तयार नाही, बॅगेत सांडतं म्हणतो. कृती तुझ्याकडे आहेच, उणे चोवीसवर.

सातव्या कॅसेटची दुसरी बाजू डॉल्बी बंद करून पुन्हा घेतलीस की मला नुसती कच्ची पाठव, काही न करता. मी पहाटे ऐकेन, भोपळे तासायला सुरुवात व्हायच्या आधी.

दादा, वहिनी आशीर्वाद सांगतात. तब्येतीला जप. कळावे,

तुझी,
आत्या

ता. क. आठव्या कॅसेटच्या शेवटी कुकरची शिट्टी होते, ती टोक म्हणून धरली जाईल, खाली घे. पण कापू नकोस. तिच्यानंतर आई 'अगं बघ गं' असं म्हणते, ते मला म्हणते.